वाचले असे समजून

११ फेब्रुवारी

लेका,

पत्र बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली माझी. कुठल्या कुठल्या लोकांना जोडून दिलं, रुसलेल्या नवऱ्यांना बायकांशी बोलतं केलं, आणि आता माझ्याच पोराला माझा फोन लागत नाही. तू बोगदा खणायच्या कामावर, तिथे नेटवर्क नसतं, मान्य. पण माणूस जेवायला तरी बाहेर येत असेल. पत्राचं बरं असतं, ते मधेच कट करता येत नाही.

तुझी बायको निवडून आली. महिना होत आला त्याला. मधल्या काळात तुझे दोन निरोप आले. एकात गॅसची नळी बदलली का विचारलंस, दुसऱ्यात माझ्या गुडघ्याची चौकशी. नळी बदलली. गुडघा आहे तसाच आहे. आणि ती चांगल्या घसघशीत मतांनी निवडून आली. तू विचारलं नाहीस, पण ही बातमी पोटात ठेवून मला अपचन व्हायला लागलंय, म्हणून सांगते.

तू मतदानाच्या आधीच निघून गेलास. कामावर हजर व्हायचंच होतं म्हणालास, त्यावर मी काही बोलणार नाही. निघताना तिच्याशी एक शब्द बोलला नाहीस, त्यावरही नाही. पाहुण्यांसमोर तिला म्हणालास, आधी घर चालव, मग शहर चालवायला जा, आणि पाहुणे खो खो हसले, तेही सोड. एवढंच सांगते की त्या हसणाऱ्यांपैकी एकाची बायको मला मतदानाच्या रांगेत भेटली. माझ्या कानाला लागून म्हणाली, मी तुमच्या सुनेलाच देणार, मला गाडी तिनं शिकवली.

आपल्या दोघांचाही अंदाज इथेच चुकला बघ. आपण धरून चाललो होतो की गल्लीतली चार घरं, तिच्या माहेरची माणसं आणि नाइलाजानं मी, एवढीच काय ती मतं. इतकी वर्षं ती पिवळी गाडी 'शिकाऊ' अशी पाटी लावून प्रभागभर फिरत होती, हे आपण रोज बघत होतो आणि बघत नव्हतो. ज्या बायकांना घरी 'तुला काय जमणार' म्हणून बसवलं होतं, त्या तिच्या शेजारी बसून, हाताला घाम फुटलेला असताना चौकातून गाडी काढायला शिकल्या. भर चौकात गाडी बंद पडते, मागून हॉर्नचा कल्लोळ उठतो, तेव्हा ती काय सांगते माहीत आहे? 'वाजवू दे त्यांना. तू किल्ली फिरव.' हे वाक्य आपल्या प्रभागातल्या निम्म्या बायकांना पाठ आहे. मला मात्र प्रचारात कळलं.

काल नगरपरिषदेची पहिली सर्वसाधारण सभा झाली. मी प्रेक्षकांच्या गॅलरीत जाऊन बसले. जिना चढताना शिपायानं विचारलं, आपण कोण. मी म्हटलं, मी नगरसेविकेची सासू. तो म्हणाला, बसा, पण मधे बोलायचं नाही. सासूला हे सांगणारा पहिलाच माणूस भेटला मला.

तुला वाटतं तसं तिथे काही भाषणं होत नाहीत. मोठा हॉल, त्यात गोलाकार बाकं, वर लांब दांड्याचे पंखे, आणि अध्यक्ष उंच खुर्चीवर. हे अध्यक्ष व्यवसायानं दातांचे डॉक्टर. सगळे त्यांना पाठीमागे घाईसाहेब म्हणतात, कारण त्यांना सभा दाढ उपटल्यासारखी उरकायची असते. विषय म्हणजे काय, तर गटारांवरची झाकणं, दिव्यांचे खांब, शाळेच्या छपराची दुरुस्ती, बाजारातल्या ओट्यांचं भाडं. घाईसाहेब म्हणतात, 'विषय क्रमांक एक ते दहा वाचले असे समजून मंजूर?' आणि खालून सगळे एका सुरात, 'मंजूर.' झाली सभा. चहा येतो.

ती गप्प बसली होती. मला जरा वाईटच वाटलं. घरी येताना गाडीत म्हटलं, तू काही बोलली नाहीस. म्हणाली, 'आज फक्त रस्ता बघितला, आई.'

तुझी तब्येत सांभाळ. बोगद्यात धूळ असेल, तोंडाला रुमाल बांध. ती तुझं नाव काढत नाही, हे तुला खोटं सांगणार नाही.

आई


३ मार्च

लेका,

तुझं उत्तर आलं नाही, पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोचलं. पुढचं ऐक.

आपल्या प्रभागातला बंबखाना तुला ठाऊक आहे. भाजीबाजाराच्या मागे, दोन लाल दरवाजे, आत एक आखूड जुना बंब आणि बाकावर पेपर वाचत बसलेले बंबवाले. आपल्या जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांतून तोच एक बंब फिरू शकतो. मागे छापखान्याला आग लागली तेव्हा लोक बादल्या शोधेपर्यंत तो येऊन उभा होता.

कालच्या सभेत विषयांचा गठ्ठा मोठा होता. घाईसाहेबांनी घड्याळ बघितलं आणि नेहमीचं सुरू केलं, विषय क्रमांक एक ते वीस वाचले असे समजून. 'मंजूर' म्हणायला सगळ्यांची तोंडं उघडली, तेवढ्यात तुझी बायको उभी राहिली.

म्हणाली, 'अध्यक्ष महोदय, विषय क्रमांक चौदा वाचून दाखवावा.'

घाईसाहेब म्हणाले की विषयपत्रिका सर्वांना घरपोच मिळालेली आहे. ती म्हणाली, मला मिळाली, मी वाचली, आता सभागृहात वाचावी. ते म्हणाले, वाचला असे समजू या की. त्यावर ती अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाली, 'मी तसं समजत नाही, साहेब.'

लोक हसले. कुणी बाक वाजवला, कुणी 'बसा हो ताई, चहा निवतोय' म्हणालं. कल्लोळ वाढत गेला आणि ती तशीच उभी. तिचा एक हात बाकाच्या कडेवर होता, गिअरवर ठेवतात ना, तसा. मी वरून बघत होते आणि माझ्याच मनात आलं, वाजवू दे त्यांना.

शेवटी नियमच होता, त्यामुळे सभासचिवांना उठावं लागलं. त्यांनी घसा खाकरून वाचलं. भाजीबाजारामागील अग्निशमन केंद्र बंद करून तेथील वाहन व कर्मचारी शहराबाहेरील नवीन केंद्रात वर्ग करणे, आणि रिकाम्या होणाऱ्या जागी वाहनतळ करणे. एवढंच. चार ओळी. पण मोठ्यानं वाचल्या तशी माना वर झाल्या. गिरणीवाले काका आहेत ना, सगळ्यांत जुने सभासद, तिच्या विरुद्ध पक्षाचे, जन्मभर पिठाच्या गिरणीच्या आवाजात बोलायची सवय, ते तिथल्या तिथे ओरडले, 'म्हणजे आपला बंबखाना? आपलाच?' त्यांच्याच पक्षानं आणलेला विषय होता, आणि काकांना पत्ताच नव्हता.

घाईसाहेबांनी समजावून सांगितलं. त्यांचंही सगळं चूक नव्हतं, हे मी न्यायानं लिहिते. नव्या केंद्रात नवे मोठे बंब आहेत, पाणी जास्त, शिडी उंच, माणसं शिकलेली. बाजारात गाड्या लावायला जागा नाही हेही खरं. ते म्हणाले, नवा बंब कुठेही जातो. ती म्हणाली, आमच्या वस्तीत आणून दाखवा. ते म्हणाले, दाखवतो, सगळ्या सभागृहासमोर दाखवतो, आणि गेला तर आपण विरोध मागे घ्याल का?

'गेला तर गेला म्हणेन,' ती म्हणाली.

तर आता स्थळपाहणी ठरली आहे. सगळं सभागृह आपल्या गल्लीत येणार. तिच्या पक्षाच्या लोकांना आनंदाच्या उकळ्या फुटल्यात, कारण शिंप्याच्या बाल्कनीखालच्या वळणावर टेम्पोसुद्धा अडतो, हे पोरासोरांना ठाऊक आहे.

हे पत्र पोस्टात टाकायला मी तिच्याच गाडीतून जाते. मी सांगत नाही, ती विचारत नाही. पोस्टासमोर गाडी मात्र बरोबर थांबवते.

जेवणाच्या वेळा पाळ.

आई


२० मार्च

लेका,

तुझं पत्र मिळालं. पाकीट दारातच उभ्यानं फोडलं, आणि आत काय, तर बंब. आईची चौकशी अर्धी ओळ, बायकोची शून्य, आणि बाकी पानभर त्या वळणाची आकृती. एवढा लांब बंब, एवढी रुंद गल्ली, चाकं इथून वळणार, मागची बाजू तिथे घासणार. खाली ठळक अक्षरात, 'वळणार नाही.' बोगदे खणणाऱ्या माणसाचं मत म्हणून मी ते अतिशय आदरानं वाचलं. मग चहाच्या कपाखाली, तिला दिसेल असं ठेवलं. तिनं उचललं, नीट बघितलं, म्हणाली, 'आकृती बरोबर आहे.' आणि थोड्या वेळानं, 'सांगायचंच होतं तर तुमच्या मुलानं इथे येऊन सांगायचं.' कागद मात्र तिच्या पर्समध्ये गेला.

स्थळपाहणी काल झाली. जे झालं ते जसंच्या तसं सांगते.

सकाळी बघते तर गल्ली ओळखू येईना. हातगाड्या गायब, स्कूटर उचलून नेलेल्या, उपाहारगृहाचे बाहेरचे बाक आत, कोपऱ्यावरचा रेतीचा ढीग, जो दोन पावसाळे हलला नव्हता, तोही नाही. परिषदेची माणसं पहाटेपासून झाडत होती म्हणे. घाईसाहेब आले तेव्हा ती त्यांना एवढंच म्हणाली, आज गल्ली फार छान दिसते, साहेब. ते म्हणाले, स्वच्छता हा आमचा नित्याचा भाग आहे. शिंपी वरून हसला.

मग बंब आला. लालभडक, आगगाडीच्या डब्यासारखा लांब. चालवणारा तरुण होता, नव्यानंच रुजू झालेला. गल्लीच्या दोन्ही कडांना माणसं, वर खिडक्यांत माणसं, आणि सगळं सभागृह बाजारातल्या गिऱ्हाइकांसारखं घोळक्यानं उभं. सरळ रस्ता त्यानं छान काढला. वळणावर आला आणि अडकला. तू काढलं होतंस तस्साच. पुढचं चाक गटाराच्या कडेला टेकलं, मागची बाजू बाल्कनीच्या खांबापासून वीतभरसुद्धा नाही, आणि त्या बाल्कनीत शिंपी, त्याची म्हातारी आई आणि शिवणाला आलेल्या दोन बायका.

तिच्या पक्षाचे लोक एकमेकांना कोपरानं ढोसायला लागले. घाईसाहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मी मनातल्या मनात तुला पत्र लिहायला घेतलं, जिंकली म्हणून.

पण आता जो तो त्या पोराला ओरडून सांगायला लागला. कुणी म्हणे मागे घे, कुणी म्हणे पुढे, कुणी डावीकडे, कुणी उजवीकडे. त्यानं काहीतरी केलं आणि बंब मागे सरकला. खांब करकरला. बाल्कनीतल्या बायका किंचाळल्या. त्यानं ब्रेक दाबला आणि मग तो नुसता बसून राहिला. स्टिअरिंगवर दोन्ही हात, डोळे समोर, पांढराफटक. मला वरून, म्हणजे आपल्या ओट्यावरून, तो स्पष्ट दिसत होता.

तुझ्या बायकोनं पर्स माझ्या हातात दिली. गर्दीतून वाट काढून बंबाच्या पायरीवर चढली आणि खिडकीतून त्याच्याशी बोलली. काय बोलली ते ऐकू आलं नाही. पण त्यानं मान हलवली, कपाळ पुसलं. मग ती खाली उतरून समोर जाऊन उभी राहिली आणि हात वर केला. गल्ली चिडीचूप. तिनं बोटं हलवली की चाक हलायचं, तळहात दाखवला की थांबायचं. पुढे, मागे, परत पुढे, परत मागे, अगदी सुईत दोरा ओवावा तसं. शिंप्याची आई बाल्कनीतून कधी खांबाकडे बघे, कधी तिच्या हाताकडे. आणि तो अजस्र बंब, कशालाही न लागता, वळण घेऊन पलीकडे निघून गेला.

टाळ्या पडल्या. घाईसाहेबांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या. तिच्या पक्षाचे लोक एक शब्द न बोलता आपापल्या गाड्यांत बसले. एकजण जाता जाता म्हणाला, ताई, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं आहात?

घरी आल्यावर मीही तिला बोलले, लपवत नाही. म्हटलं, हातात आलेलं होतं, तूच घालवलंस. उभी राहिली असतीस नुसती, तरी पुरे होतं. ती पाणी पीत होती. म्हणाली, 'तो घाबरला होता, आई. घाबरलेल्या माणसाला गाडीत एकटं कसं सोडायचं?'

यावर तुला काही सुचलं तर कळव.

तुझं गणित बरोबर होतं रे. फक्त त्यात तुझी बायको धरलेली नव्हती.

आई


२९ मार्च

लेका,

काल विषय परत सभागृहापुढे आला. आज माझा आवाज बसलाय, का ते पुढे कळेल.

सभेच्या आधीचे दिवस वाईट गेले. तिच्या पक्षाचे लोक फोन उचलत नव्हते. संध्याकाळी गाडी शिकवून आली की ओट्यावर बसून राहायची. एकदा मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याला कळवू का, काही सुचवेल. म्हणाली, त्यांना त्यांच्या बोगद्यात काय कमी त्रास आहे. हे बोलून गेली आणि मग लक्षात आल्यासारखी उठून आत गेली. आधी मी लिहिलं होतं की ती तुझं नाव काढत नाही. ते खरंच आहे. पण तुमच्या बाजूच्या बोगद्यांची काही बातमी लागली की टीव्हीचा आवाज वाढवते. हे मी तुला मुद्दाम कळवलं नव्हतं. फुकटात मिळालेल्या गोष्टीची तुला किंमत नसते.

तर सभा. घाईसाहेब भलतेच खुशीत होते. म्हणाले, स्थळपाहणी सर्वांनी बघितली आहे, नवा बंब त्या वळणातून गेला आहे, तेव्हा चर्चेची आवश्यकता नाही. विषय क्रमांक एक वाचला असे समजून.

ती उठली. तिच्या शेजारचा सभासद तिच्या पदराला हात लावून बसा म्हणत होता.

'बंब गेला,' ती म्हणाली. 'अध्यक्ष म्हणतात ते खरं आहे. मी म्हटलं होतं तो जाणार नाही, आणि तो गेला. हे माझ्या नावानं इतिवृत्तात लिहून घ्यावं.'

सभासचिवांनी पेन उचललं आणि तसंच हवेत धरलं. बहुधा असं काही लिहायची त्यांना सवय नसावी. ती म्हणाली, लिहा. त्यांनी लिहिलं.

मग ती म्हणाली, 'आता एवढंच विचारते. त्या दिवशी गल्ली रिकामी होती आणि वळणावर मी उभी होते. आग लागेल त्या दिवशी गल्ली भरलेली असेल, आणि मी तिथे असेन असं नाही.'

बस. भाषण नाही, हातवारे नाहीत. तिनं उपसूचना मांडली. मोठे बंब, शिडी, कार्यालय, सगळं नव्या केंद्रात जाऊ दे, तिचा विरोध नाही. पण तो आखूड बंब आणि त्याची माणसं जुन्या जागीच राहावीत. उरलेल्या जागेत वाहनतळ करा. आणि वळणावर गाड्या लावायला मनाई करा, म्हणजे मोठ्या बंबाची कधी गरज लागलीच तर त्यालाही वाट मिळेल. अनुमोदन कोण देतंय म्हणून घाईसाहेबांनी विचारलं. तिच्या स्वतःच्या बाजूचे लोक छताच्या पंख्यांकडे बघत बसले. मी गॅलरीच्या कठड्यावरून खाली वाकले. अनुमोदन नसेल तर उपसूचना तिथेच मरते, हे एव्हाना मलाही कळायला लागलंय.

गिरणीवाले काका उभे राहिले. गुडघे धरून, बाकाला टेकत. घाईसाहेब त्यांना म्हणाले, काका, विषय आपल्या पक्षाचा आहे. काका म्हणाले, 'माहीत आहे. पण जी बाई स्वतःच्या विरुद्धचं लिहून घ्या म्हणते, तिचं पुढचं वाक्य मी खरं धरतो. अनुमोदन.' ते नेहमीच्याच आवाजात बोलले, म्हणजे रस्त्यावरही ऐकू गेलं असेल.

मग हात वर करून मतदान. काकांच्या मागे त्यांच्या बाजूचे दोघे-तिघे बिचकत हात वर करायला लागले. ते बघून हिच्या पक्षाच्या लोकांना लाज वाटली की जाग आली, देव जाणे, त्यांचेही हात वर गेले. सभासचिव मोजत होते, त्यांच्यावर माझा विश्वास नाही असं नाही, पण मीही मोजत होते. अगदी थोडक्यात, पण मंजूर झाली. बंबखाना राहिला.

आणि मी टाळ्या वाजवल्या. गॅलरीत टाळ्या वाजवायला बंदी आहे, पाटी लावलेली आहे, चष्मा नसतानाही दिसेल एवढी मोठी. मी उभी राहून वाजवल्या आणि तोंडानं काय बोलले ते मला आठवत नाही. शिपाई म्हणतो की मी 'माझी सून आहे ती' असं ओरडत होते. घाईसाहेबांनी हुकूम दिला आणि मला बाहेर काढण्यात आलं. शिपाई बिचारा हात धरून जिना उतरवत होता आणि पुन्हा पुन्हा माफी मागत होता. मी म्हटलं, तू तुझं काम कर रे, मी माझं केलं.

ती खाली आली तेव्हा मी पायरीवर बसलेले. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. तिनं माझ्या शेजारी पायरीवर बसून माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. आजूबाजूला माणसं ये-जा करत होती, सभासद, कारकून, कामं घेऊन आलेले लोक. ती तशीच बसून राहिली. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं असं कधी केलं नव्हतं. मी केलं होतं का कधी, तेही आठवलं नाही.

संध्याकाळी तो बंब चालवणारा पोरगा घरी येऊन गेला. नव्या केंद्रातून सुटी घेऊन आला होता. तिनं पायरीवर चढून काय सांगितलं होतं ते मी त्यालाच विचारलं. म्हणाला, 'त्या म्हणाल्या, कुणाकडे बघू नको, फक्त माझ्या हाताकडे बघ.' जाताना तिच्या पाया पडायला लागला, तिनं पडू दिलं नाही.

घसा दुखतोय, इथेच थांबते. हे पत्र तू दोनदा वाचशील याची मला खात्री आहे, म्हणून अक्षर जपून काढलंय.

आई


१६ एप्रिल

लेका,

येतोस ते वाचलं. कितीतरी वेळ कागद घेऊन बसले. दुसऱ्या पानावर जे तू तिच्यासाठी लिहिलंस, ते मी वाचलं नाही. पहिली ओळ डोळ्यांना दिसली एवढंच, त्यात माझा दोष नाही, घडी तशी होती. घडी परत घालून तिच्या हातात दिलं. तिनं ते घेऊन खोलीचं दार लावलं. बाहेर आली तेव्हा चेहरा धुतलेला होता. काय लिहिलंस, तिला काय वाटलं, मी विचारलं नाही. एक्स्चेंजमध्ये पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, जोडून दिलं की कान काढून घ्यायचा.

पुन्हा जाणार की कायमचा येतोस ते तू लिहिलं नाहीस. ते तुझं तू तिच्याशी बोल. पण एक सांगून ठेवते. मोठ्या मनानं तिला माफ करायला येत असलास तर तिथेच राहा. इथे माफ करण्यासारखं कुणी काही केलेलं नाही. आणि तुझी नगरसेविका बायको बघायला लोक घरी येतील, कुणी गटाराचं सांगेल, कुणी दिव्याच्या खांबाचं, भर जेवणात येतील. त्यांना पाणी विचारायचं. कपाळाला आठ्या घालायच्या नाहीत. मीही आधी घालायची, आता तक्रार लिहून घेते.

तू येणार त्या तारखेचं मी तिला सांगितलं. तिनं डायरी उघडली, पान बघितलं, म्हणाली, 'त्या दिवशी सभा आहे.'

मी म्हटलं, मग?

'मग सभा आहे,' ती म्हणाली.

खरं सांगू, मला त्या उत्तराचा इतका अभिमान वाटला की आत जाऊन देवापुढे उगाच हात जोडून आले. विषय मोठा नाहीच. दोन रस्त्यांवरचे पट्टे आणि शाळेपुढचा गतिरोधक. पण ती म्हणते, शाळेपुढचा आहे.

तेव्हा तुला घ्यायला कुणी येणार नाही. मीही नाही, मलाही सभा आहे. घरी जाऊन कुलूप बघत बसू नकोस, सरळ परिषदेत ये. सामान खाली शिपायाकडे ठेव, माझं नाव सांग, आता ओळखतो तो मला. जिना चढून डाव्या हाताला गॅलरी आहे. मी पुढच्या बाकावर असते, शेजारी जागा धरून ठेवीन. फोन बंद कर. टाळ्या वाजवायच्या नाहीत.

आणि एक. बोलायला उभी राहिली की ती आधी वर गॅलरीकडे बघते, मग बोलायला लागते. सवय आहे तिची, कुणाला सांगितलेलं नाही तिनं, पण मी दर वेळी बघितलंय. आजवर वर मी एकटीच असायचे. त्या दिवशी तू असशील. चेहरा कसा ठेवायचा ते प्रवासात ठरव.

आई